क्रमांक आहे, पण कोणाचा, कधीचा?

ओळखीपाळखीत कुणाचं घर घ्यायचं ठरत आलं की मला फोन येतो. गृहकर्जाच्या कागदपत्रांची छाननी करण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही ही कामगिरी आपसूक माझ्याकडेच आली. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो: ‘एजंट म्हणतोय, रेरा नंबर आहे. मग काळजी नाही ना?’

हा प्रश्न विचारता येतो, हीच मुळात मोठी सुधारणा आहे. २०१७ पूर्वी घरांची दलाली करायला वेगळा परवाना लागत नसे. दुकानाचा गुमास्ता काढला, दारावर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी लावली की धंदा सुरू. बिल्डरांसाठी १९६३ चा मोफा कायदा होता, पण कुणी काय कबूल केलंय हे गिऱ्हाइकाला घरबसल्या पाहायची सोय नव्हती. मार्च २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, स्थापन झालं, १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, आणि प्रकल्प व एजंट या दोघांच्याही नोंदी कुणालाही फुकट पाहता येऊ लागल्या. कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने ही जबाबदारीच प्राधिकरणावर टाकली आहे. माहिती खुली झाली. ती वाचायची कशी, हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं. वाचता वाचता मला जे उमगलं, ते खाली क्रमाने देतो.

१. छापील क्रमांकावर थांबू नका, अधिकृत पान उघडा

व्हिजिटिंग कार्डावरचा क्रमांक हा पुरावा नसतो, तो फक्त दावा असतो. महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन तो क्रमांक स्वतः टाका आणि समोर येणारं नाव, पत्ता, जिल्हा तुमच्यापुढे बसलेल्या माणसाशी ताडून पाहा. कित्येकदा क्रमांक खरा निघतो, पण तो त्या माणसाचा नसतो. एखाद्या फर्मची नोंदणी असते आणि ती फर्म सोडून गेलेला माणूस तोच क्रमांक सांगत फिरत असतो.

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातल्या प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं आहे. ही सोय उत्तम. मोबाइल धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. मात्र उघडलेलं पान महारेराचंच आहे ना, हे वरच्या पत्त्याच्या पट्टीत बघून घ्या. क्यूआर कोड कुणालाही तयार करता येतो आणि तो बिल्डरच्या चकचकीत वेबसाइटवरही नेऊ शकतो.

२. क्रमांक नुसता पाहू नका, वाचा

सुरुवातीपासून अनेक वर्षं वापरात असलेल्या क्रमांकांची रचना सोपी आहे. इंग्रजी ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा, ‘ए’ने सुरू होणारा एजंटचा. पुढचे तीन आकडे जिल्ह्याचे. ते २०११ च्या जनगणनेतल्या जिल्हा संकेतांकांशी जुळतात: ५१७ ठाणे, ५१८ मुंबई उपनगर, ५१९ मुंबई शहर, ५२० रायगड, ५२१ पुणे, ५१६ नाशिक, ५०५ नागपूर. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, म्हणजे जनगणनेनंतर; म्हणून वसई-विरारकडच्या प्रकल्पांच्या क्रमांकांत ‘पी’नंतरचे आकडे ५ ने सुरू न होता ९९ ने सुरू होतात. अलीकडच्या नोंदणींत अक्षरं आणि मांडणी बदलली आहे, त्यामुळे नव्या धाटणीचा क्रमांक दिसला म्हणून लगेच खोटा ठरवू नका. पण पनवेलच्या इमारतीसाठी ५२१ चा प्रकल्प क्रमांक कुणी दाखवत असेल, तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

यातून एक साधी खबरदारी निघते. एजंटला ‘तुमचा रेरा नंबर?’ असं विचारलं की तो पुष्कळदा प्रकल्पाचा क्रमांक पुढे करतो. दोन्ही नोंदण्या वेगळ्या आहेत. प्रकल्प नोंदलेला आणि एजंट बिननोंदणीचा, हे चित्र नेहमीचं आहे. नवव्या कलमानुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी हवीच. ती नसेल तर दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

३. इमारत कोणती, विंग कोणती, टप्पा कोणता

मोठ्या संकुलात कायदा प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र प्रकल्प धरतो. ए आणि बी विंगची नोंदणी एका क्रमांकाची, सी विंगची दुसऱ्या क्रमांकाची, आणि डी विंगची अजून झालेलीच नाही, असं सर्रास असतं. सेल्स ऑफिसात मात्र एकच फलक आणि त्यावर एकच क्रमांक. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट ज्या विंगेत आहे, त्या विंगेचं नाव त्या क्रमांकाच्या पानावर आहे का, किती मजले नोंदले आहेत, तुमचा मजला त्यात बसतो का, एवढं तरी पाहाच. नोंद अठरा मजल्यांची आणि बुकिंग एकविसाव्या मजल्याचं असेल, तर वरच्या तीन मजल्यांची मंजुरी अजून यायची आहे, हे तिथेच कळतं.

४. नाव शोधताना अर्धंच टाका

एजंटची नोंदणी एका व्यक्तीच्या नावाने असते किंवा फर्मच्या, कंपनीच्या. नावं इंग्रजीतून नोंदलेली असल्याने एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुठे नुसतं आद्याक्षर. पूर्ण नाव टाकून शोधलं आणि काही आलं नाही की लोक ‘नोंदणीच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. आडनावाचा अर्धा भाग आणि जिल्हा घालून शोधा. फर्मचं नाव वेगळं टाकून पाहा. एवढं करूनही सापडलं नाही तर एजंटलाच प्रमाणपत्राची प्रत मागा. खऱ्या एजंटला त्यात काही वावगं वाटत नाही. चिडणारा माणूस चिडण्यातूनच बरंच सांगून जातो.

५. तारखा हीच खरी माहिती

एजंटची नोंदणी पाच वर्षांची असते. मग तिचं नूतनीकरण करावं लागतं. शिवाय महारेराने जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. जुन्या एजंटांना प्रमाणपत्र मिळवायला १ जानेवारी २०२४ पर्यंतची मुदत होती. ज्यांनी ते मिळवलं नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. त्यांच्या खिशातली व्हिजिटिंग कार्डं मात्र त्या दिवशी बदलली नाहीत. म्हणून ‘क्रमांक आहे का’ यापेक्षा ‘आज चालू आहे का’ हा प्रश्न मोलाचा.

प्रकल्पाच्या पानावर तर तारखांचीच गर्दी असते. नोंदणीची तारीख म्हणजे बांधकाम सुरू झाल्याची तारीख असं धरू नका. कायदा आला तेव्हा चालू असलेल्या प्रकल्पांना ३१ जुलै २०१७ पर्यंत अर्ज करायचा होता. त्यामुळे २०१७ च्या पावसाळ्यात नोंदलेल्या कित्येक इमारतींचा पाया त्याच्या कितीतरी आधीच घातलेला होता. खरी पाहायची ती पूर्णत्वाची मूळ तारीख आणि मुदतवाढ मिळाल्यानंतरची सुधारित तारीख. त्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे बिल्डरने दिलेल्या शब्दाचं मोजमाप. मुदत संपूनही काही न भरलेला प्रकल्प ‘लॅप्स’, म्हणजे मुदतबाह्य, दाखवला जातो. अशा प्रकल्पात नव्याने पैसे गुंतवायचे नसतात.

६. क्रमांक नाही म्हणजे लबाडीच, असंही नाही

भूखंड पाचशे चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. गावातल्या छोट्या इमारती यात येतात. तसंच एजंटच्या नोंदणीचा कायद्यातला रोख प्रवर्तकाकडून, म्हणजे बिल्डरकडून, विकल्या जाणाऱ्या नव्या घरांवर आहे. भाड्याचं घर दाखवणारा किंवा जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे मिळवून देणारा माणूस या यादीत दिसला नाही, तर तेवढ्यावरून त्याला चोर ठरवता येत नाही. अशा व्यवहारांत मात्र महारेराची ढाल तुमच्या हाती नाही, हे ध्यानात ठेवून बाकीची कागदपत्रं दुपटीने तपासावीत.

७. नोंदणी म्हणजे शिफारस नव्हे

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण गाजलं. महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रं तयार करून त्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवलेल्या या इमारती. क्रमांक खरा, संकेतस्थळावरचं पान खरं, फक्त त्याखालचा बांधकाम परवानाच खोटा. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी रेरा क्रमांक पाहून, कर्ज काढून घरं घेतली होती, ती कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली.

या प्रकरणानंतर स्थानिक संस्थांकडून परवान्यांची खातरजमा करून घेण्यावर भर वाढला, ते चांगलंच झालं. पण मुळात संकेतस्थळावरचा बहुतेक मजकूर प्रवर्तकाने स्वतः भरलेला, स्वतः अपलोड केलेला असतो. तो त्याने प्रतिज्ञापत्रावर केलेला दावा आहे, ही त्याची ताकद. पुढे खोटा निघाला तर तो त्याच्याविरुद्ध वापरता येतो. पण खोटा निघेपर्यंत घर तुमच्या नावावर आणि हप्ता तुमच्या खात्यावर असतो. म्हणून सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, महारेराच्या पानावरून उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक व तारीख घेऊन महापालिकेच्या किंवा नगररचना विभागाच्या नोंदींत तो आहे का, हे जाऊन तपासा. ही एक फेरी चुकवू नका.

८. तिमाही अहवाल हे पानाचं काळीज

लोक फोटो आणि नकाशे पाहतात; मी आधी तिमाही अहवाल उघडतो. दर तीन महिन्यांनी प्रवर्तकाने किती सदनिका बुक झाल्या, कोणत्या परवानग्या आल्या, काम कुठवर आलं, हे भरायचं असतं. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्यातून रक्कम काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रं जोडायची, असा नियम आहे. त्यांचे ठरावीक नमुने आहेत: वास्तुविशारदाचा फॉर्म १, अभियंत्याचा फॉर्म २, लेखापालाचा फॉर्म ३. वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणाचा फॉर्म ५.

हे कागद एकेकटे वाचले तर कंटाळवाणे; शेजारी शेजारी ठेवले की बोलायला लागतात. अभियंत्याच्या मते काम चाळीस टक्के आणि लेखापालाच्या मते खर्च सत्तर टक्के, तर मधलं काय झालं? चार तिमाही सलग कामाची टक्केवारी तीच, पण विकलेल्या सदनिका वाढत चालल्या, तर पैसा कुठे जातोय? सेल्स ऑफिसात ‘शेवटची दोनच घरं उरलीत’ म्हणतात आणि पानावर निम्म्या सदनिका न विकलेल्या दिसतात. मग घाईने टोकन कशाला द्यायचं? आणि अहवालच भरलेले नसतील तर तीही माहितीच. तिमाही माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने २०२३ मध्ये स्थगित केली होती.

९. कंपनीच्या नावामागची माणसं पाहा

हल्ली बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी नवी एलएलपी किंवा कंपनी काढतात. त्यामुळे पानावरची ‘आधीचे प्रकल्प’ ही जागा कोरी दिसते आणि सगळं कसं नवंकोरं वाटतं. लग्न जुळवताना आपण पत्रिकेवर थांबत नाही, घराणं विचारतो; इथेही तेच करायचं. भागीदार आणि संचालक यांची नावं घ्या, ती केंद्र सरकारच्या कंपनी नोंदींत टाकून पाहा. त्यांच्या दुसऱ्या कंपन्या, त्यांवरचा कर्जाचा बोजा तिथे कळतो. मग त्या कंपन्यांच्या प्रकल्पांकडे परत महारेरावर या. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी आणि त्यांवरचे आदेश वाचा. तक्रार असणं फार वाईट नाही. मोठ्या प्रकल्पात चार तक्रारी येतातच. आदेश निघूनही पैसे परत केले नाहीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचं वॉरंट गेलं, हे मात्र वाईट.

१०. एकाच खिडकीवर विसंबू नका

महारेरा सांगतं प्रवर्तक काय म्हणतो ते. जमीन कुणाची, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड सांगतं. सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि फेरफार डोळ्यांत तेल घालून वाचा. त्या इमारतीत आधी कुणी, कितीला घर घेतलं, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टूमध्ये मिळतं. त्यावरून एजंटने सांगितलेला भाव आणि नोंदलेला भाव यांतलं अंतर समजतं. मालमत्ता गहाण आहे का, हे किरकोळ शुल्क भरून सेर्साय या केंद्रीय नोंदवहीत बघता येतं. या चार ठिकाणी एकच सर्व्हे नंबर, एकच क्षेत्रफळ आणि त्याच माणसांची नावं आली, तर कागद जुळले म्हणायचे.

११. राज्य बदललं की नोंदवहीही बदलते

एजंटची नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते. पुण्या-मुंबईचे लोक गोव्यात दुसरं घर घेतात आणि दाखवणारा एजंट बहुधा इथलाच असतो. त्याचा महारेरा क्रमांक गोव्यातल्या प्रकल्पासाठी चालत नाही. त्याला गोवा रेराची नोंदणी हवी, आणि ती गोवा रेराच्या संकेतस्थळावरच पाहायची. बेळगावात घर घेणाऱ्यांनी कर्नाटक रेराकडे वळायचं. तिथल्या क्रमांकांत ‘केए’ आणि ‘रेरा’ ही अक्षरं सरळ दिसतात. प्रत्येक राज्याचं पान वेगळ्या मांडणीचं आहे, त्यामुळे इथली सवय तिथे जशीच्या तशी कामाला येत नाही.

१२. माहिती जपून ठेवा आणि जपून वापरा

संकेतस्थळावरची नोंद बदलत राहते. आज दिसलेली पूर्णत्वाची तारीख पुढच्या वर्षी बदललेली असेल. म्हणून टोकन देण्याच्या दिवशी प्रकल्पाचं आणि एजंटचं पान तारखेसह उतरवून ठेवा. जाहिरात आणि माहितीपुस्तिकाही ठेवा, कारण खोट्या जाहिरातीसाठी बाराव्या कलमाखाली भरपाई मागता येते.

सोसायटीसाठी, अभ्यासासाठी किंवा बातमीसाठी कुणाला मोठी यादी करायची असेल, तर तक्त्यात नावाऐवजी नोंदणी क्रमांक हा मुख्य स्तंभ ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे ती कधी पाहिली ती तारीख लिहा. एकगठ्ठा आकडेवारी हवी असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज हा सरळ मार्ग. आणि नोंदीत एजंटचा फोन दिसतो म्हणून त्याच्यावर जाहिरातींचा मारा करू नका, त्याचे तपशील विकू नका. परवान्याची नोंद खुली असते ती गिऱ्हाइकाला खात्री करता यावी म्हणून. खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा वेगळा कायदाही आहे.

१३. हे सगळं पैसे देण्याआधी

तपासणी बुकिंगनंतर करण्यात फारसा अर्थ नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम प्रवर्तकाला घेता येत नाही, असं तेरावं कलम सांगतं. म्हणजे कायद्याने तुम्हाला थांबायची सवड दिली आहे. ‘आजच दिलं तर हा दर’ म्हणणारा ती काढून घेऊ पाहतो.

सगळ्याचं सार एवढंच की, नोंदणी क्रमांक तुम्हाला चांगला बिल्डर किंवा प्रामाणिक एजंट मिळवून देत नाही. जाब कुणाला विचारायचा आणि त्याने कोणत्या तारखेला काय कबूल केलं होतं, हे तो सांगतो. चांगलं-वाईट आपल्यालाच ठरवावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी एजंटने ‘नंबर आहे’ म्हटलं, तर मान डोलावू नका. क्रमांक लिहून घ्या, घरी जाऊन पान उघडा, सीसी तपासा आणि मगच चेकबुक काढा.